रिपोर्टवर 'ग्रॅम निगेटिव्ह' लिहिलं होतं, आणि मी ते 'निगेटिव्ह' असं वाचलं

नौपाड्याची लेक · मंगळवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात आमच्याकडे जे झालं ते इथे लिहिते आहे. ही चूक आणखी कुणाच्या घरी होऊ नये एवढीच इच्छा.

सासूबाई ७१ वर्षांच्या. तीन दिवस अंगात कणकण, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी लघवी कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, द्यायला सांगितली आणि रिपोर्ट आला की लगेच फोन करा म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ आली. मी ऐरोलीहून ठाण्याला येत होते, गाडीत उभीच होते. उघडून पाहिलं तर वरच्याच ओळीत 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय'. निगेटिव्ह वाचलं आणि जीव भांड्यात पडला. कोविडच्या दिवसांपासून निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हेच डोक्यात बसलंय. खालचं काही वाचलंच नाही. घरी सांगितलं, आईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. डॉक्टरांना फोन राहिला.

रविवारी पहाटे त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०३. दाखल करावं लागलं, तीन दिवस शिरेतून औषध. आता घरी आहेत, जेवतात, बऱ्या आहेत. पण डॉक्टरांनी तारीख पाहून एवढंच विचारलं, "हा शुक्रवारीच आला होता ना?" ते वाक्य अजून कानात आहे.

मला नीट समजून घ्यायचं आहे. ग्रॅम म्हणजे काय? पॉझिटिव्ह चांगले आणि निगेटिव्ह वाईट असं असतं का? खाली '१,००,००० सीएफयू प्रति मिली' होतं, ते काय? मुलगा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी शिकतोय. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, ते पेशीच्या भिंतीवर ठरतं," आणि सबमिशनच्या जर्नलमध्ये डोकं घातलं. कुणी मराठीत सांगेल का?

खाडीकाठ · मंगळवार, रात्री १०.०५

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मीही असंच वाचलं असतं. धागा वर ठेवतो, जाणकार येतीलच.

स्लाइडवाला वाशी · मंगळवार, रात्री ११.२०

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. तुमचा हा गोंधळ आम्ही काउंटरवर वरचेवर पाहतो. माझं स्पष्ट मत आहे की रिपोर्टवर 'जिवाणूंची वाढ आढळली' हे वाक्य मराठीत आणि ठळक अक्षरात पहिल्यांदा छापलं पाहिजे. ग्रॅमची ओळ त्याच्या खाली.

ग्रॅम हे वजन नव्हे, माणसाचं आडनाव. हान्स क्रिस्तियान ग्रॅम, डेन्मार्कचा डॉक्टर. १८८४ साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसाचे तुकडे रंगवताना त्याला ही पद्धत सापडली. आज जगातली बहुतेक प्रत्येक लॅब तीच वापरते.

टेबलावर काय होतं ते सांगतो. काचेच्या पट्टीवर नमुन्याचा पातळ थर पसरायचा, वाळू द्यायचा, पट्टी ज्योतीवरून तीनदा झरझर फिरवायची म्हणजे थर चिकटतो. मग क्रिस्टल व्हायोलेट, गडद जांभळा रंग, एक मिनिट. पाण्याने धुवायचं. मग आयोडिन, एक मिनिट. इथपर्यंत पट्टीवरचे सगळेच जिवाणू जांभळे असतात. आता अल्कोहोल. पट्टी तिरकी धरायची, थेंब थेंब सोडायचं, खाली ओघळणाऱ्या पाण्यातला जांभळा रंग संपला की त्याच क्षणी थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ आहे. थोडं जास्त झालं तर ज्यांनी रंग धरून ठेवायला हवा तेही सोडून देतात आणि रिपोर्ट चुकतो. शेवटी सॅफ्रॅनिन, गुलाबी.

जांभळा धरून ठेवला तो ग्रॅम पॉझिटिव्ह. सोडून दिला आणि गुलाबी दिसला तो ग्रॅम निगेटिव्ह. बस्स. त्या रंगाचा निगेटिव्ह. आजार आहे की नाही याच्याशी त्या शब्दाचा काहीही संबंध नाही. उलट 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' दिसले याचा अर्थच जिवाणू दिसले. बॅसिलाय म्हणजे काडीसारखे, लांबट. गोल असते तर कोकाय लिहिलं असतं.

लाखाचा हिशोब असा. आमच्याकडे तारेचं एक बारीक कडं असतं, त्यात बरोबर एक हजारांश मिली लघवी मावते. ती प्लेटवर ओढायची, प्लेट ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. जिवंत जिवाणू जिथे पडला तिथे सकाळी एक ठिपका उगवतो, त्याला कॉलनी म्हणतात. १०० ठिपके आले तर गुणिले १०००, म्हणजे एका मिलीत एक लाख. सीएफयू म्हणजे असे ठिपके उगवू शकणारे जिवाणू.

नौपाड्याची लेक · बुधवार, सकाळी ७.१५

दादा, एवढं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण मग एक रंग धरतो, एक सोडतो, हे कशामुळे? आणि त्याचा औषधाशी काय संबंध? डॉक्टर म्हणाले होते की हे ग्रॅम निगेटिव्ह आहे म्हणून आधीची गोळी चाललीच नसती.

फळा आणि खडू · बुधवार, सकाळी १०.३०

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ठाण्यातच असतो. मुलगा बरोबर बोलला, ते भिंतीवरच ठरतं.

जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार लहान आणि फार साधी. तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टात बहुधा इ. कोलाय असणार. तो जेमतेम दोन मायक्रॉन लांब, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे एकापुढे एक मावतील. आपल्या पेशीत डीएनए एका आवरणात, केंद्रकात असतो. जिवाणूला ते आवरण नाही, म्हणून त्याला आदिकेंद्रकी म्हणतात. त्याचा डीएनए बहुधा एकच बंद कडं असतो आणि पेशीच्या मध्यावर गुंडाळून पडलेला असतो. इ. कोलायचं ते कडं सोडवून सरळ केलं तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरेल. दोन मायक्रॉनच्या पेशीत दीड मिलिमीटरचा धागा! वर्गात हे सांगताना मी दर वर्षी थांबायचो, कारण मलाच ते पुन्हा नव्याने नवल वाटायचं.

याखेरीज आत प्रथिनं बनवणारे रायबोझोम. ते आपल्यापेक्षा लहान जातीचे, जिवाणूचे ७०एस आणि आपले ८०एस (एस हे त्यांच्या आकारमानाचा अंदाज देणारं माप). काही अँटिबायोटिक्स नेमका हा फरक धरून जिवाणूचं काम बंद पाडतात. काही जिवाणूंत मुख्य डीएनएखेरीज प्लाझ्मिड नावाची छोटी कडी असतात. औषधाला न जुमानण्याचा गुण पुष्कळदा या कड्यांवर असतो आणि ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. अर्धवट सोडलेल्या, मनाने घेतलेल्या गोळ्यांबद्दल आम्ही मास्तर लोक कळकळीने बोलतो ते यामुळे.

आता भिंत. पेशीच्या पातळ पटलाबाहेर पेप्टिडोग्लायकनची जाळी असते, बाजारच्या जाळीदार पिशवीसारखी, पण चहूबाजूंनी बंद. आतून पाण्याचा दाब असतो. जाळी नसती तर पेशी फुटली असती. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये ही जाळी थरावर थर, २० ते ८० नॅनोमीटर जाड (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). अल्कोहोलने ती आक्रसते आणि आयोडिनबरोबर गोळा झालेला जांभळा रंग आतच अडकतो. ग्रॅम निगेटिव्हची जाळी अगदी पातळ, काही नॅनोमीटरची. पण तिच्या बाहेर आणखी एक स्निग्ध पटल असतं. अल्कोहोल ते पटल विरघळवतं आणि पातळ जाळीतून रंग वाहून जातो.

हेच बाहेरचं पटल औषधांनाही अडवतं. पेनिसिलिन जाळीचे टाके जुळू देत नाही, म्हणून वाढणारा जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना जाळीच नाही, त्यामुळे त्या तशा फुटत नाहीत. पण साधं पेनिसिलिन ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या पटलातून नीट आत जात नाही. व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा रेणू तर इतका मोठा की तिथून त्याला वाटच नाही.

आणि ताई, ती हुडहुडी. बाहेरच्या पटलात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. जिवाणू रक्तात उतरून फुटू लागले की तो सुटतो, आणि तो दिसताच आपलं शरीर जोरात ताप चढवतं. लघवीचा साधा संसर्ग वर सरकला की दात वाजेपर्यंत थंडी भरते, त्यात याचा मोठा हात असतो. म्हातारपणी हे फार लवकर होतं.

चांगला-वाईटाचा प्रश्न मात्र डोक्यातून काढून टाका. गळवात पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ग्रॅम पॉझिटिव्ह आहे. तुमच्या घरच्या दह्यातले जिवाणूही ग्रॅम पॉझिटिव्ह. इ. कोलाय ग्रॅम निगेटिव्ह, पण तो तुमच्या-माझ्या मोठ्या आतड्यात आयुष्यभर गुण्यागोविंदाने राहतो. जागा सोडून मूत्रमार्गात शिरला की त्रास. तिथे तो अंगावरच्या बारीक केसांनी, पिलींनी, आतल्या अस्तराला चिकटून बसतो, लघवीच्या धारेनेही सुटत नाही.

खाडीकाठ · बुधवार, दुपारी १.१०

सर, सगळे जिवाणू या दोनच गटांत बसतात का?

फळा आणि खडू · बुधवार, दुपारी २.००

नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिनला धरायलाच काही नाही. क्षयाच्या जिवाणूची भिंत मेणचट, तिला ग्रॅमचा रंग धड चढत नाही. त्याच्यासाठी झील-नील्सन ही वेगळी पद्धत, रिपोर्टवर 'एएफबी' (अॅसिड-फास्ट बॅसिलाय) लिहितात ती. पावसाळ्यात आपल्याकडे भीती असते ती लेप्टोस्पायराची. मळसूत्रासारखा, इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकात रंगवूनही दिसत नाही. उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या चिरेतून आत शिरतो. गुडघाभर पाण्यातून चालत आला असाल आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पाण्याचं आवर्जून सांगा.

आकार, रंग, हवा लागते की नाही, काय खातो, अशी वर्गवारी लॅबच्या कामाची. खरी नाती आता रायबोझोममधल्या आरएनएवरून जुळवतात. १९७७ साली कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी तसं जुळवलं, तेव्हा जिवाणूंसारखेच दिसणारे काही जीव अगदी वेगळ्या घराण्याचे निघाले. त्यांना आता आर्किया म्हणतात.

ब्लोअर तुर्भे · बुधवार, रात्री ८.४५

धागा वाचून राहवलं नाही. मी टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या सांडपाणी प्लांटवर ऑपरेटर आहे. तुम्ही जिवाणू मारायच्या गोष्टी करताय, मी अकरा वर्षं ते जगवतोय. आमचा पगारच त्यांच्यावर आहे.

एरेशन टँकमध्ये खालून ब्लोअरने हवा सोडतो. पाण्यातला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. तब्येत चांगली असली की टँकचा रंग चॉकलेटी आणि वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा. एका रात्री ब्लोअर बंद पडला, सुटा भाग यायला दुसरी दुपार झाली. सकाळपर्यंत टँक काळा, सडक्या अंड्याचा वास. हवा लागणारे जिवाणू झोपले आणि हवेशिवाय जगणारे जागे झाले. टँक तोच, पाणी तेच, फक्त हवा गेली.

नुसती हवाही पुरत नाही. आमच्या पाण्यात कार्बन भरपूर, पण नत्र आणि फॉस्फरस कमी. म्हणून युरिया आणि डीएपी घालतो, १००:५:१ च्या हिशोबाने. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये राखायचा. कुणी न सांगता अॅसिडची टाकी सोडली की दोन दिवस आम्ही बसतो डोक्याला हात लावून.

नवा प्लांट सुरू करताना दुसऱ्या चालू प्लांटवरून टँकरभर स्लज, म्हणजे जिवाणूंनी भरलेला गाळ, आणतो, नाहीतर शेणकाला टाकतो. त्याला आम्ही विरजणच म्हणतो. पहिले काही दिवस काहीच होत नाही, साहेब रोज विचारतात. लिटरचा नळा भरून अर्धा तास ठेवायचा आणि तळाशी किती गाळ बसला ते पाहायचं. बोटभर, बोटभर, बोटभर, आणि मग एकदम भराभर वाढतो.

फळा आणि खडू · बुधवार, रात्री ९.३०

दादा, तुमचा नळा म्हणजे पुस्तकातला वाढीचा आलेखच. आधी थांबलेला काळ, जिवाणू नव्या जागेत रुळतात, लागणारी विकरं (एन्झाइम) तयार करतात. मग दुप्पट-चौपट. मग अन्न संपतं, घाण साचते, जन्म आणि मरण सारखं होतं. शेवटी उतार.

तुमच्या काळ्या टँकचा मोठा भाऊ आपल्या खाडीत आहे. ओहोटीला ऐरोलीच्या पुलावरून जाताना जो वास येतो तो कुणी नुसता सांडपाण्याचा समजू नये. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. चिखलात बोटभर खाली गेलं की हवा संपते, तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो लोहाशी मिळाला की चिखल काळा होतो. त्याच चिखलावर, उन्हात, सायनोबॅक्टेरियाची हिरवी साय धरते. त्यांना लोक शेवाळ म्हणतात, पण ते जिवाणूच. धाकट्या रोहित पक्ष्यांच्या आहारात अशा सायनोबॅक्टेरियांना मोठं स्थान आहे. एका बोटाच्या खोलीत किती तऱ्हा!

ऐरोली किचन · गुरुवार, सकाळी ११.००

मी घरगुती डबे देते, इडलीचं पीठही विकते. जानेवारीत पीठ फुगायला रात्रभर पुरत नाही, मेमध्ये पाच तासांत आंबट. हेच ना ते तापमानाचं? आणि शिळ्या भाताचं खरं काय? फोडणीचा भात तर आपण सगळेच करतो.

फळा आणि खडू · गुरुवार, दुपारी १२.१५

हो, तेच. उडदाबरोबर ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू येतात. ते आम्ल करतात आणि वायूही, म्हणून पीठ फुगतं. पुढे आम्ल वाढलं की बरेचसे नकोसे जिवाणू त्यात तगत नाहीत.

भाताचं मात्र मनावर घ्या. तांदळावर बॅसिलस सिरियसचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवचात बंद होऊन झोपलेला जिवाणू. ते उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. भात ओट्यावर कोमट राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं ते विष फोडणीच्या आचेने जात नाही. तेव्हा उरलेला भात दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये. मग सकाळी खुशाल फोडणी द्या. फ्रिज जिवाणूंना मारत नाही, त्यांची वाढ फार मंद करतो. बीजाणूंचा खात्रीने निकाल लावायचा तर १२१ अंश आणि वाफेचा दाब, १५ मिनिटं, लॅबच्या ऑटोक्लेव्हमध्ये करतात तसं.

स्लाइडवाला वाशी · गुरुवार, रात्री १०.५०

दुप्पट होण्याचा विषय निघालाच आहे तर कल्चरच्या बाटलीबद्दल सांगतो. इ. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर तो २० मिनिटांत एकाचे दोन होतो. तासात आठ. चार तासांत एकाचे ४०९६. बाटलीत इतक्या वेगाने होत नाही, पण लघवी हे जिवाणूंना चांगलं खाद्य आहे. सकाळी सातला भरलेली बाटली कुणी पिशवीत टाकून कामं उरकत दुपारी आणून देतं. मग कातडीवरून चुकून आलेले चार जिवाणू वाढून लाख होतात आणि नसलेला आजार रिपोर्टवर दिसतो.

म्हणून जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली बाटलीत धरा, झाकणाच्या आत बोट लावू नका, दोन तासांच्या आत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी नमुना द्या. रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधा, वाढ आहे का, कोणता जिवाणू, आणि औषधांच्या यादीत एस कुणापुढे, आर कुणापुढे. एस म्हणजे ते औषध लागू पडेल, आर म्हणजे नाही. निवड डॉक्टरांची. नुसता आकडा पाहून स्वतः औषध घेऊ नका. काही वयस्कर माणसांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जिवाणू सापडतात आणि त्याला बहुधा औषध लागत नाही.

ताई, मुलाला सांगा कॉलेजात घरच्या दह्याची पट्टी रंगवून बघ. दही नको, वरचं पाणी घे, आणखी पातळ कर, नाहीतर स्निग्धपणामुळे थर धुऊन जातो.

नौपाड्याची लेक · पुढच्या बुधवारी, रात्री ९.०५

त्याने केलं! मॅडमची परवानगी घेऊन सासूबाईंच्या हातचं दही छोट्या बाटलीत नेलं. पहिली पट्टी सगळी गुलाबी आली. घाबरून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, अल्कोहोल किती वेळ सोडलंस? दुसऱ्या पट्टीला दहा मोजले आणि थांबला. भिंगावर तेल घालून पाहिलं तर जांभळे मणी, माळेत ओवल्यासारखे, आणि मधून मधून जांभळ्या काड्या. फोन भिंगाला लावून फोटो काढलाय, खाली टाकते.

सासूबाईंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. पंचेचाळीस वर्षं रोज विरजण लावतायत, आज पहिल्यांदा पाहिलं म्हणाल्या. मग मला विचारलं, "आणि माझ्या पोटातला तो गुलाबी?" मी म्हटलं, हो आई, गुलाबी, काडीसारखा. त्यांचा रिपोर्ट आता फ्रिजच्या दारावर आहे, 'वाढ आढळली' या शब्दांखाली लाल रेघ मारून.

स्लाइडवाला वाशी · बुधवार, रात्री ९.४०

फोटो छान आलाय, रंग अगदी योग्य सुटलाय. मणी स्ट्रेप्टोकॉकससारखे दिसतात, काड्या लॅक्टोबॅसिलसच्या असाव्यात. पक्कं नाव नुसत्या पट्टीवरून देता येत नाही, त्याला प्लेटवर वाढवून पुढच्या चाचण्या कराव्या लागतात. मुलाला म्हणावं दुसऱ्या वर्षी ते शिकशील, ही पट्टी लेबल लावून जपून ठेव.